कोंबडी अंड्यावर कधी येते आणि अंडं निळं, हिरवं की तपकिरी हे कोण ठरवतं?

मोशी, चऱ्होली, चिखली, तळवडे. १९९७ मध्ये ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, शेतं गेली, टॉवर उभे राहिले. पण जुन्या घरांच्या मागे, बंगल्याच्या कडेच्या पट्टीत, चाळीच्या पत्र्याखाली खुराडं अजून टिकून आहे. इंद्रायणी ओलांडून चाकणच्या बाजूला गेलं की कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे या गावांत कंपनीच्या भिंतीला लागून कोंबड्या उकिरडा उकरताना दिसतात.

आता या कोंबड्यांमध्ये एक नवीन भर पडली आहे. रील्समध्ये एका टोपलीत निळी, हिरवी, चॉकलेटी, गुलाबी अंडी दिसतात, ती पाहून लोक पिल्लं मागवतात. मग सुरू होतं वाट पाहणं. चार महिने होतात, पाच होतात, खाद्याची गोणी संपून दुसरी येते आणि खुराड्यात सकाळी हात घातला तर काहीच लागत नाही. कोंबडी आजारी आहे का? विकणाऱ्याने फसवलं का? आणि अंडं आलंच, तर ते रीलमधल्यासारखं निळं असेल का?

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं पिल्लू विकत घेतलं त्याच दिवशी ठरलेली असतात.

किती दिवस थांबायचं?

कोंबडी अंडी द्यायला लागली की आपल्याकडे म्हणतात, ती 'अंड्यावर आली'. अंड्यावर येण्याच्या बेतात असलेल्या तरुण मादीला 'तलंग' म्हणतात. जिल्हा परिषदेच्या किंवा पशुसंवर्धन विभागाच्या योजनांमध्ये 'तलंगा गट' हा शब्द वाचला असेल, तो हाच. साधारण दोन-अडीच महिन्यांच्या २५ माद्या आणि ३ नर असा तो गट असतो.

किती वाट पाहायची हे जातीवर अवलंबून असतं. दुकानात मिळणारी पांढरी अंडी ज्या कोंबड्या देतात, उदाहरणार्थ बीव्ही ३००, त्या साधारण साडेचार-पाच महिन्यांत अंड्यावर येतात आणि वर्षाला ३०० च्या पुढे अंडी देतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली ग्रामप्रिया साडेपाच महिन्यांच्या आसपास सुरू होते आणि वर्षाला २०० ते २२५ अंडी देते. त्याच संस्थेची वनराजा थोडी संथ. तिला सहा महिने लागतात आणि अंडी वर्षाला शंभर-सव्वाशेच्या आत, कारण ती मांस आणि अंडी दोन्हींसाठी आहे. बंगळुरूची गिरिराजा या दोघींच्या मध्ये कुठेतरी बसते. कडकनाथ सहा महिने घेते आणि वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते.

आणि आपली अस्सल गावरान? ती सहा-सात महिने लावते. मग बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. म्हणजे अंडी घालणं बंद करून उबवायला बसते, हात लावला की फुगते, चोच मारते. वर्षभरात ५०-६० अंडी दिली तरी चांगलं. तुमच्या शेजाऱ्याची कोंबडी पाचव्या महिन्यात रोज अंडं देत असेल आणि तुमची सातव्या महिन्यातही नुसती फिरत असेल, तर दोघांनी वेगळ्या जातीचे पक्षी घेतले आहेत एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आधी एक खात्री करा: ती कोंबडीच आहे ना?

हा प्रश्न विनोदी वाटेल, पण वाट पाहणाऱ्या अनेकांचं दुखणं इथेच निघतं.

आठवडे बाजारात किंवा शाळेबाहेर टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकायला येतात. हा रंग वरून लावलेला असतो आणि पिसं बदलली की जातो. या पिल्लांचा अंड्यांच्या रंगाशी काही संबंध नाही. उलट त्यांच्यात नरांचं प्रमाण फार मोठं असतं. अंडी देणाऱ्या जातीच्या हॅचरीत जन्मणारी निम्मी पिल्लं नर असतात. ती अंडी देणार नाहीत, मांसासाठी वाढवायला परवडत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी बाजूला काढली जातात. त्यातलीच काही रंगवून रस्त्यावर येतात. अशी चार पिल्लं मुलांच्या हट्टापायी घेतली तर सहा महिन्यांनी घरात चार कोंबडे असण्याची शक्यता बरीच.

तीन महिन्यांनंतर फरक दिसायला लागतो. नराचा तुरा लवकर मोठा आणि लाल होतो. त्याच्या मानेवरची आणि शेपटीजवळची पिसं लांब, टोकदार असतात. मादीची तीच पिसं टोकाला गोल असतात.

दुसरा गैरसमज याच्या बरोबर उलटा आहे: कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी देत नाही. तसं नाही. अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो. शहरात कोंबडा न ठेवण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. मे २०१९ मध्ये पुण्यातल्या सोमवार पेठेत एका महिलेने पहाटे आरवून झोपमोड करणाऱ्या कोंबड्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार केली होती आणि त्याची बातमी देशभर गाजली. तिसऱ्या पाळीवरून पहाटे घरी परतणारा शेजारी असेल तर तो याहून वेगळं काही करणार नाही.

अंडं जवळ आलंय हे कसं ओळखायचं?

कोंबडी स्वतःच सांगते. आधी फिकट गुलाबी असलेला तुरा आणि गळ्याखालच्या लोळ्या लालभडक होतात. ती कोपरे शोधायला लागते, पोत्यामागे, स्कूटरखाली, जुन्या टबात बसून पाहते. आवाज वाढतो. पाठीवर हात ठेवला की पूर्वी पळायची, आता पंख थोडे पसरून जमिनीला टेकून बसते. ही खूण दिसली की बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत अंडं येतं.

जुनी माणसं अजून एक गोष्ट करतात. कोंबडीच्या शेपटीखाली, मलद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये जेमतेम एक बोट मावत असेल तर अजून वेळ आहे. दोन-तीन बोटं सहज मावत असतील तर अंडं वाटेवर आहे.

सगळं बरोबर आहे, तरी उशीर का?

पहिला संशयित म्हणजे उजेड. कोंबडीच्या शरीरातली अंडी तयार करणारी यंत्रणा दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस मोठे होत असले की ती सुरू होते, लहान होत असले की मंदावते. व्यावसायिक फार्मवर दिवे लावून १६ तासांचा दिवस केला जातो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरअखेर जेमतेम अकराचा. म्हणून पावसाळ्यात घेतलेली पिल्लं ऐन थंडीत सहा महिन्यांची होतात आणि तिथेच अडकतात. संक्रांतीनंतर दिवस वाढायला लागला की त्याच कोंबड्या काही न करता सुरू होतात. घाई असेल तर खुराड्यात पहाटे दोन-तीन तास एक साधा बल्ब पुरतो, पण रोज त्याच वेळेला.

दुसरा संशयित खाणं. घरचा उरलेला भात, भाकरी, हॉटेलचं शिळं अन्न यावर कोंबडी जगते, पण अंडी घालायला तिला प्रथिनं लागतात. नुसत्या भातावर वाढलेली तलंग वजनाने बरी दिसली तरी महिनाभर मागे राहू शकते. कॅन्टीनच्या उरलेल्या जेवणात मीठ आणि तेलही जास्त असतं.

मात्र लवकर अंडं यावं म्हणून तिसऱ्या महिन्यापासून लेयरचं खाद्य सुरू करणं चुकीचं. त्यात कवचासाठी भरपूर कॅल्शियम असतं आणि अंडी न देणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांवर त्याचा ताण येतो. पहिले दोन महिने चिक, मग ग्रोअर आणि तुरा लाल झाला, पहिली अंडी दिसली की लेयर, हा क्रम. एका कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, त्यामुळे अंडी सुरू झाल्यावर शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. हवं तेवढं कोंबडी स्वतः उचलते.

याशिवाय कडक उन्हाळा, जंत, पिसांची गळती आणि सारखी कुत्री-मांजरं अंगावर येण्याची धास्ती यांनीही अंडी लांबतात.

आता रंगाकडे येऊ

कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले जवळपास २० तास एकट्या कवचावर जातात. कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू ज्या जातीचा पदार्थ आहे तोच. म्हणून मुळात प्रत्येक अंडं पांढरंच असतं. त्यावर रंग चढवण्यासाठी कोंबडीकडे फक्त दोन रंगद्रव्यं आहेत आणि जगातल्या सगळ्या टोपल्यांमधली सगळी अंडी या दोनांच्या मिश्रणातून येतात.

पहिलं प्रोटोपोर्फिरिन, तपकिरी. रक्तातला लाल घटक शरीरात ज्या टप्प्यांतून बनतो, त्यातल्याच एका टप्प्यावरचा हा पदार्थ. तो अगदी शेवटच्या काही तासांत कवचावर चढतो. म्हणून तपकिरी अंडं फोडून आतून पाहिलं तर कवच पांढरं दिसतं. रंग फक्त वरच्या थरात असतो.

दुसरं बिलिव्हर्डिन, निळं-हिरवं. मुका मार लागल्यावर काही दिवसांनी त्वचेवर हिरवट छटा येते ना, ती याच पदार्थाची. निळ्या अंड्यात हे रंगद्रव्य कवच तयार होत असतानाच मिसळत जातं. त्यामुळे निळं अंडं आतूनही निळंच असतं.

आता गणित सोपं आहे. दोन्ही नाहीत तर पांढरं. फक्त पहिलं असेल तर बदामी ते गडद चॉकलेटी. फक्त दुसरं असेल तर निळं. निळ्या कवचावर तपकिरी थर चढला तर हिरवं, ऑलिव्ह. गुलाबी किंवा जांभळट दिसणारी अंडी ही खरं तर फिकट तपकिरीच असतात. अंडं बाहेर येताना त्यावर जंतूंपासून वाचवणारा एक पातळ लेप चढतो, तो जाड असला की असा भास होतो.

निळा रंग कोंबडीत आला तो एका विषाणूमुळे. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या डीएनएमध्ये जाऊन बसला आणि त्याने शेजारच्या एका जनुकाला कवच तयार करणाऱ्या ग्रंथीत कामाला लावलं. चिलीतल्या मापुचे लोकांच्या अराउकाना कोंबड्यांमध्ये आणि चीनच्या डाँगशियांग कोंबड्यांमध्ये हे दोनदा, स्वतंत्रपणे घडल्याचं २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं. या विषाणूने कोंबडीला किंवा अंडं खाणाऱ्याला काही होत नाही.

आपल्या गावरान कोंबड्यांची अंडी सहसा मळकट पांढरी ते फिकट बदामी असतात. ऱ्होड आयलंड रेडची तपकिरी. ग्रामप्रियाची फिकट तपकिरी. दुकानातली पांढरी अंडी व्हाइट लेगहॉर्न वंशाच्या पक्ष्यांची असतात. हा धंदा देशभर उभा करण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. व्यंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय पुण्यात आहे आणि अंड्याचा रोजचा भाव सुचवणारी एनईसीसी १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. पांढरं अंडं 'फार्मचं' आणि तपकिरी 'गावरान' हे समीकरण आपल्या डोक्यात बसलं ते त्यानंतरच्या काळात. पण तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्याही हजारोंच्या फार्मवर पिंजऱ्यात असतात.

एकच कोंबडी वेगवेगळ्या रंगांची अंडी देते का?

नाही. रीलमधली रंगीबेरंगी टोपली म्हणजे पाच-सहा वेगळ्या जातींच्या कोंबड्यांची कमाई असते. एका कोंबडीचा रंग आयुष्यभर तोच राहतो. छटा तेवढी बदलते. सुरुवातीची अंडी सहसा गडद, वय वाढलं, उन्हाळा आला, ताण आला किंवा श्वसनाचा आजार झाला की फिकट.

अपवाद बातमी होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकातल्या दावणगेरे जिल्ह्यात एका गावठी कोंबडीने निळसर अंडं दिलं. आधी ती पांढरी अंडी देत होती, असं मालकाचं म्हणणं होतं. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी बिलिव्हर्डिनकडे बोट दाखवलं. असं एखादं अंडं कुतूहलाचं खरं, पण त्यावरून त्या कोंबडीची पिल्लं निळी अंडी देतील असं म्हणता येत नाही.

२०२० मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तर हिरव्या बलकाची अंडी निघाली होती. ती भानगड वेगळी. कवचाचा रंग जनुकं ठरवतात, बलकाचा रंग खाणं ठरवतं. मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या खाल्ल्या की बलक केशरी होतो. केरळच्या पशुवैद्यकीय विद्यापीठानेही तपासाअंती खाद्याकडेच बोट दाखवलं.

पैसे मोजणाऱ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट इथे आहे. निळ्या रंगाचं जनुक आई किंवा बाप, एकाकडून जरी आलं तरी अंडं निळसर होतं. पण संकरित कोंबडीकडे ते एकाच प्रतीत असेल तर तिच्या निम्म्याच पिल्लांत उतरतं. आणि एका दिवसाचं पिल्लू नुसतं पाहून ते त्यात आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. ऑनलाइन 'निळ्या अंड्याची पिल्लं' घेणारा माणूस खरं तर पिल्लाच्या आई-बापावर पैसे लावत असतो. म्हणून पिल्लाचा फोटो पाहून उपयोग नाही. आई कोणत्या रंगाच्या अंड्यातून निघाली, स्वतः कोणतं अंडं देते आणि कोंबडा कुठल्या जातीचा, हे तीन प्रश्न विचारावेत.

कडकनाथचं अंडं काळं असतं का?

सोशल मीडियावरचा हा सर्वात टिकाऊ गैरसमज. कडकनाथची कातडी, हाडांवरचं आवरण, आतले अवयव काळे असतात, कारण तिच्या शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य सगळीकडे पसरलेलं असतं. पण कवच रंगवणाऱ्या दोन रंगद्रव्यांत मेलॅनिन नाही. त्यामुळे कडकनाथचं अंडं फिकट बदामी, आकाराने लहान, दिसायला गावरानसारखंच असतं. काळ्या कवचाच्या 'कडकनाथ अंड्यांचे' फिरणारे फोटो दुसऱ्या पक्ष्यांचे किंवा रंगवलेल्या अंड्यांचे असतात.

या पक्ष्याभोवती एवढं वलय का आहे? मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२२ मध्ये महेंद्रसिंह धोनीने रांचीच्या फार्मसाठी तिथून २००० पिल्लं मागवली, ती बातमी सगळ्यांनी शेअर केली. पण महाराष्ट्राला त्याआधीच या वलयाची किंमत मोजावी लागली होती.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या 'महारयत ॲग्रो' या कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन कडकनाथची पिल्लं दिली आणि अंडी-पक्षी चढ्या भावाने परत विकत घेण्याचा शब्द दिला. २०१९ मध्ये हे चक्र थांबलं. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले. ज्यांच्याकडे पक्षी होते त्यांना खाद्य परवडेना आणि अंड्याला बाहेर तो भाव नव्हता. त्या सप्टेंबरमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यातून जात असताना आंदोलकांनी ताफ्याच्या दिशेने कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली होती.

हमीभावाने अंडी परत घेणारी कोणतीही योजना समोर आली, मग अंडं काळ्या कोंबडीचं असो की निळ्या रंगाचं, तर एकच हिशोब करायचा: ही कंपनी उद्या नसेल तर हे अंडं मी कुणाला आणि किती रुपयांना विकू शकेन?

पोषणाचं म्हणाल तर कवचाच्या रंगाने अंड्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो कोंबडीच्या खाण्याने.

चहात रंगवलेली 'गावरान' अंडी

तपकिरी अंड्याला जास्त भाव मिळतो म्हणून पांढरी अंडी चहापत्ती किंवा रंगात बुडवून गावरान म्हणून विकण्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी उघड झाले आहेत. त्यावर व्हायरल उपाय असा: लिंबू किंवा व्हिनेगर लावून घासा, रंग निघाला तर बनावट. ही परीक्षा फसवी आहे. आम्लाने कवचाचा वरचा थरच विरघळतो आणि खरा तपकिरी रंग त्याच थरात असतो. त्यामुळे अस्सल अंड्याचाही रंग निघतो.

त्यापेक्षा साध्या ओल्या कापडाने पुसून पाहा. नैसर्गिक रंग पाण्याने सुटत नाही. फोडल्यावर आतल्या पापुद्र्यावर किंवा तडा गेलेल्या जागी रंगाचे डाग दिसले तर संशय घ्या. आणि ढीगभर 'गावरान' अंडी एकाच छटेची, एकाच आकाराची असतील तर गावरान हा शब्द तरी खोटा आहे. चार घरच्या दहा कोंबड्यांची अंडी कधीच एकसारखी नसतात.

औद्योगिक पट्ट्यात मातीकडे लक्ष द्या

रंगाची चर्चा खूप होते, याची होत नाही. कोंबडी दिवसभर माती उकरते आणि दाण्याबरोबर मातीही गिळते. मातीत शिसं असेल तर ते कोंबडीच्या रक्तात आणि तिथून अंड्यात उतरतं. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वायरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सिडनीतल्या घरगुती कोंबड्यांची अंडी तपासली, तेव्हा त्यात बाजारातल्या अंड्यांपेक्षा सरासरी ४० पट जास्त शिसं आढळलं. कारण होतं जुन्या घरांच्या आवारातली माती. वर्षानुवर्षं रंगाचे पापुद्रे आणि गाड्यांचा धूर तिच्यात मुरला होता.

पिंपरी-चिंचवडमध्ये भंगाराची गोदामं, बॅटरी आणि केबल फोडण्याच्या जागा, कचरा जाळण्याचे कोपरे वस्तीला खेटून आहेत. चिखलीजवळच्या कुदळवाडीतली गोदामं महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. पण बांधकाम हटलं म्हणून खालची माती स्वच्छ होत नाही. अशा जागेजवळ कोंबड्या असतील तर त्यांना मोकळं सोडू नये. खुराड्याखाली काँक्रीट किंवा फरशी, त्यावर बाहेरून आणलेली स्वच्छ माती किंवा भाताच्या तुसाचा जाड थर आणि दाणा जमिनीवर न टाकता भांड्यात, एवढ्याने मातीशी संपर्क बराच कमी होतो. घरात लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर हा मुद्दा अंड्याच्या रंगाहून कितीतरी मोठा आहे. रोज अंडं खाणारी तीच असतात आणि शिशाचा त्रासही त्यांनाच सर्वात जास्त होतो. शंका असेल तर मातीचा नमुना खासगी प्रयोगशाळेत जड धातूंसाठी तपासून घेता येतो.

लस, बिबट्या आणि परवानगी

परसातल्या कोंबड्या अंड्यावर येण्याआधीच जातात त्या बहुतेक मानमोडीने. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि दोन महिन्यांच्या आसपास बूस्टर ही लस चुकवू नका. देवीची लसही घ्यावी. बर्ड फ्लूचं वेगळं. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये तो पुन्हा सापडला. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट केले जातात. त्यात घरच्या चार कोंबड्याही येतात, भरपाई सरकार देतं. अचानक दोन-तीन पक्षी मेले तर गुपचूप पुरून टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

खेड तालुक्यात आणखी एक पाहुणा असतो. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता. कारखान्यात येणारा बिबट्या खुराड्यापाशी यायला लाजणार नाही. घूस आणि मुंगूस तर रोजचेच. जाळी बारीक, चारी बाजूंनी आणि जमिनीत वीतभर गाडलेली हवी.

महापालिका हद्दीत कोंबड्या ठेवण्याआधी पशुवैद्यकीय विभागात चौकशी करावी. सोसायटी असेल तर तिचे उपविधी पाहावेत. पिल्लं घ्यायची तर जवळचं खात्रीचं ठिकाण म्हणजे खडकीचं सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र. जात कोणती हे तिथे नेमकं सांगतात आणि अंडं कधी, कसं येईल याचा अर्धा अंदाज तिथेच मिळतो.

पहिलं अंडं दिसलं, पण हे असं का?

अंडं येण्याआधी दोन आठवडे एका अंधाऱ्या कोपऱ्यात तूस घातलेलं खोकं ठेवा. त्यात प्लॅस्टिकचं अंडं किंवा पिंगपाँगचा चेंडू ठेवला तर तलंगेला जागा कळते, नाहीतर ती गॅसच्या रिकाम्या टाकीमागे घालते आणि चार दिवस पत्ता लागत नाही.

पहिलं अंडं बहुधा छोटं असतं, कधी लिंबाएवढंच. फोडलं तर आत बलकच नसतो. कधी कवचाविना नुसत्या पापुद्र्यात येतं, कधी एकात दोन बलक निघतात, कधी कवचावर रक्ताची बारीक रेघ असते. यंत्रणा नवी आहे, ती जुळायला दोन-तीन आठवडे लागतात. दुसरं अंडं लगेच दुसऱ्या दिवशी येईलच असंही नाही. महिनाभरानंतरही कवच मऊच येत असेल तर शिंपल्याचा चुरा वाढवा आणि पक्षी डॉक्टरला दाखवा. रंगाचा निवाडा मात्र पहिल्या अंड्यावर करू नका, पाच-सहा अंडी येऊ द्या. तेवढ्या अंड्यांनंतरही ती बदामीच असतील तर ती कोंबडी निळं अंडं देणार नाही.